तो गंज पुसू नका!

“अहो, थांबा! तो गंज पुसू नका!”

लिंबू माझ्या हातातच राहिलं. आखातातल्या रुवी गावच्या आमच्या दुकानात खंजीर येवो नाहीतर कॉफीची किटली, जुनी वस्तू आधी लखलखीत घासायची, हा अब्बांचा शिरस्ता. मला अडवणारा हा कोण टिकोजीराव?

“जुनैद. तुमच्या अब्बांनी, हुसैनमियाँनी, जपानी तलवार तपासायला बोलावलंय.”

श्रीवर्धनचा हा पोरगा गाड्यांच्या कंपनीतर्फे दोन वर्षं जपानला होता. तिथला घरमालक जुन्या तलवारींना पॉलिश करायचा, त्याच्याकडून हे वेड लागलेलं.

“मुठीच्या आतला गंज म्हणजे तिचं वय. पुसलात तर पुरावाच गेला.”

“आणि माणसांचं वय कशावरून ओळखता?”

“मुलींचं विचारायची हिंमत नाही…” तो हसला. मेला, हसायचाही छान!

तलवार आमच्या अर्बाबला, म्हणजे ज्याच्या नावावर दुकानाचा परवाना त्या अरब शेठला, हवी होती. पातं जुनं आणि मुठीच्या आत त्यावर कोरलेलं नाव थोर कारागिराचं, असं अब्बांनी त्याला छातीठोकपणे सांगितलं होतं. आता अब्बांचा शब्द पणाला लागला होता.

जुनैद दर शुक्रवारी नमाजनंतर यायचा. मी दिवा धरायची, तो पातं तिरपं करायचा. धारेलगत धुक्यासारखी रेघ उजळायची… आमची डोकी जवळ यायची.

“अजून नक्की सांगता येत नाही,” तो पुटपुटायचा. मी सुलेमानी चहा आणायची.

शेवटी अब्बा वैतागले. “आज सांग. खलास!”

जुनैदनं पातं खाली ठेवलं. “चाचा, पातं अस्सल जुनं आहे. पण नाव नंतर कुणीतरी कोरलंय. अक्षरांच्या खाचांतला गंज कोवळा आहे.”

अब्बांचा चेहरा उतरला. मला जुनैदचा राग आला — एवढं खोटं बोलला असता तर काय बिघडलं असतं? पण तसं बोलला असता, तर मला तो आवडलाच नसता.

अब्बांनी अर्बाबला फोन लावला, सगळं खरं सांगितलं. बराच वेळ ऐकत राहिले. मग रिसीव्हर ठेवून हसले.

“म्हणतो, आपली चूक आपणहून सांगणारा दुकानदार आज पाहिला. तलवार त्याला हवीच आहे.” मग जुनैदकडे वळले. “हे तुला कळलं कधी?”

“पहिल्याच दिवशी…”

“काय?” मीच ओरडले. “इकडे अब्बांच्या घशाखाली घास उतरत नव्हता!”

त्याचे कान लालबुंद झाले. “माफ करा. पण… सांगून टाकलं असतं, तर पुन्हा यायला निमित्त कुठून आणलं असतं?”

अब्बांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“अमरीन, हा लबाड चालेल तुला?”

“चालेल!”

इतक्या मोठ्यानं म्हटलं, की शेजारचा टेलर मशीन थांबवून बघायला लागला.