सड्यावरचा चिखल

शुक्रवारी सकाळी सहाला पेणच्या स्टँडसमोर गाडी लावलेली होती आणि प्रणिता मागच्या सीटवर बसून एकेक दुर्बीण फडक्यानं पुसत होती. पक्षी बघायची तीन दिवसांची सहल होती. पहिल्या दिवशी तलाव, दुसऱ्या दिवशी खाडी, तिसऱ्या दिवशी रोह्यामागचा डोंगर. पाहुणे तिघंच होते. नाशिकचं एक निवृत्त शिक्षक जोडपं, आणि ठाण्याचे एक वयस्क डॉक्टर, गळ्यात हातभर लांब लेन्सचा कॅमेरा घातलेले. सहल हरेशची. प्रणिता त्याच्या हाताखाली.

हरेश तिच्याच गावचा, खाडीकाठचा. पाखरं त्याला पुस्तकातून कळली, पण खाडी शिकवली ती प्रणिताच्या बापानं, कान्हूनं. कान्हूचा सगळा जन्म मिठागरावर गेला होता. कुठला चिखल पाय धरतो आणि कुठला सोडतो, हे त्याला वरच्या रंगावरून कळायचं. हरेशच्या सहली सुरू झाल्या तसा कान्हूच पुढं उतरून पाहुण्यांना वाट दाखवायचा.

गेल्या वर्षी माघी गणपतीच्या दिवशी कान्हू खाडीत उतरला तो परत आलाच नाही. देहही मिळाला नाही. हरेश म्हणाला, "मी त्या दिवशी पाहुण्यांना घेऊन तलावावर होतो गो. काका एकटाच चिंबोऱ्या धरायला उतरला असणार." गाव म्हणालं, प्यायला असेल. सहा वर्षं दारूला न शिवलेल्या माणसाबद्दल गाव असं म्हणालं आणि ते प्रणिताला गिळावं लागलं. तिच्या आईनं, सीताबाईनं, मात्र कपाळाचं कुंकू पुसलं नाही.

त्या दिवसांत हरेश घरच्यासारखा उभा राहिला. प्रणिता धाटावच्या एका कंपनीत शिफ्ट करायची, ती सोडायला लावून त्यानं तिला आपल्या कामात घेतलं. नारळी पौर्णिमेला तिनं त्याला राखी बांधली. गावात दुसऱ्या कुणाचा शब्द तिला खरा वाटत नव्हता, तेव्हाही हरेशदादाचा वाटत होता.

या सहलीत एकच गोष्ट तिला जरा वेगळी वाटली. हरेश डॉक्टरांना तिच्याजवळ बसूच देईना. "डॉक्टर, तुम्ही पुढं या माझ्याशेजारी," असं तो दर वेळी म्हणायचा आणि गाणी मोठ्यानं लावायचा.

तलावावर उन्हं यायच्या आत पोचले. पाण्यावरून वाफ उठत होती. पलीकडच्या काठाला अडई बदकांचा थवा बसला होता, मधूनच कुणीतरी कुजबुजल्यासारखा आवाज काढत होता. नाशिकच्या बाईंनी दुर्बीण डोळ्याला लावली.

तेवढ्यात लव्हाळ्यातून शीळ आली. दोन तुटक, एक लांब.

थव्यातली कुजबुज बंद झाली. प्रणिताच्या हातातला चहाचा थर्मास कलंडला आणि चहा तिच्या पायावर सांडला, तरी तिला भाजल्याचं कळलं नाही. धुक्यात आपण कुठं उभे आहोत ते मागच्यांना कळावं म्हणून तिचा बाप अशी शीळ घालायचा. दुसरं कुणी तशी घालत नव्हतं.

"हा कुठला पक्षी?" बाईंनी विचारलं.

हरेशचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला होता. "पाणकोंबडी," तो म्हणाला. "चला आता, ऊन चढलं की काय दिसायचं नाय."

ऊन अजून पडलंही नव्हतं.

शनिवारी खाडी. गाडी खारबांधावर थांबली तेव्हा धुकं इतकं दाट होतं, की बांधाच्या दोन्ही अंगांना जग संपल्यासारखं वाटत होतं. ओहोटी लागलेली. खाजणाचा कुबट, खारट वास नाकात बसत होता आणि उघड्या पडलेल्या चिखलातून बुडबुडे फुटल्याचा बारीक आवाज सगळीकडून येत होता. जुनी उघाडी, म्हणजे भरतीचं पाणी अडवायची बांधातली झडप, तिथून पुढं अर्ध्या किलोमीटरवर होती. फ्लेमिंगो तिकडेच उतरतात हे गावातल्या पोराटोरांनाही माहीत. पण हरेश म्हणाला, "तिकडं बांध फुटलाय. जाता येणार नाय."

परवाच प्रणिता तिथून सायकलनं आली होती. बांध धडधाकट होता.

हरेश नाशिकच्या जोडप्याला शेकाट्यांची जोडी दाखवायला थोडा पुढं गेला. डॉक्टर मागं राहिले, तिच्याजवळ.

"गेल्या वर्षी मजा आली होती बघ," ते हळूच म्हणाले. "तेव्हा तू नव्हतीस. त्या उघाडीपलीकडे अख्खा थवा मिळाला होता मला. माझा आयुष्यातला सगळ्यात चांगला फोटो."

"गेल्या वर्षी कधी?"

"माघी गणपतीला. चांगलं आठवतंय. निघताना तुमच्याच गावात मोदक खाल्ले होते." त्यांनी पिशवीतून टॅब काढला. "तुमचा एक माणूस चिखलात उतरून पलीकडून थवा आमच्या अंगावर उठवत होता. हे बघ. किती जीव तोडून हात हलवतोय बिचारा!"

फोटोत गुलाबी पंखांचं आभाळ झालेलं. आणि त्याच्या मागं, पाण्याच्या चकाकत्या रेघेपाशी, एक माणूस. दोन्ही हात वर.

प्रणितानं दोन बोटांनी चित्र मोठं केलं. कान्हू पाखरं उठवायचा ते वाकून, हात पाठीशी धरून, पावलापावलानं. हात वर करायचा तो एकाच कारणासाठी. चिखलानं धरलं, की गडी दोन्ही हात वर करतो आणि बाकीचे फळी घेऊन धावतात. मिठागरावरच्या लेकरांना ही खूण चालायच्या आधी शिकवतात.

चिखल त्याच्या छातीपर्यंत आला होता.

"मग?" तिनं विचारलं. आवाज तिचा तिलाच ओळखू येईना. "मग काय झालं?"

"काही नाही, भरती येतेय म्हणून हरेशनं आम्हाला घाईनं गाडीत बसवलं. मी म्हटलंही, तो माणूस राहिला की रे. तर म्हणाला, त्याचं घर तिकडेच आहे, तो जाईल." डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं. "काय झालं बाळ?"

तिकडे कुणाचंच घर नव्हतं. तिकडे थेट समुद्रापर्यंत चिखल होता.

आणि त्याच क्षणी धुक्यातून, उघाडीच्या अंगानं, ती शीळ आली. दोन तुटक, एक लांब. जवळून...

दुपारी गाडीपाशी हरेश एकटा सापडला तेव्हा तिनं सरळ विचारलं. "दादा, बाबा त्या दिवशी तुझ्याबरोबर होते?"

हरेशनं तिचा हात हातात घेतला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते खरं होतं, हेच तिला सगळ्यात वाईट वाटलं. "डॉक्टर म्हातारा झाला गो. त्याला तारखा आठवत नाय. तुझ्या बाबाला मी सोडून येईन व्हय?"

तिनं हात काढून घेतला. सहल सोडून घरी जावं, असं एकदा मनात आलं. पण मग हा डॉक्टरांना गाठून काय सांगेल, काय पुसायला लावेल, कुणास ठाऊक. ती राहिली. संध्याकाळी डॉक्टरांना तिनं कान्हू कोण होता ते सांगितलं. मग त्यांनी तो फोटो तिच्या फोनवर पाठवला आणि म्हणाले, "उद्या डोंगरावरून खाली उतरलो की आपण दोघं पोलिसात जाऊ. मी सांगेन."

रविवारी उजाडायला ते डोंगरावर होते. रोह्यामागची चढण संपली की वर कातळाचा सडा लागतो, मैदानासारखा सपाट, गुडघाभर वाळक्या गवताचा. खाली धाटावचा भोंगा वाजला, पहिली पाळी सुरू झाली. वर मात्र धुकं होतं. जानेवारीपासून तिथं पाण्याचा थेंब नव्हता. धनेशाची जोडी उंबरावर येते म्हणून हरेश सगळ्यांना घेऊन पुढं गेला आणि प्रणिता मागं, झाडाखाली राहिलेली बाईंची पिशवी आणायला वळली.

पिशवी घेऊन ती परतत होती तेव्हा तिला हाक ऐकू आली.

"दादा... हरेशदादा... मी अडकलेय..."

बाईचा आवाज. डावीकडून, धुक्यातून. प्रणिता जागच्या जागी थिजली. तो आवाज तिचा स्वतःचा होता. तिचाच हेल, तिचाच 'दादा'. तिचे ओठ मिटलेले होते. तिनं हातानं चाचपून पाहिले.

"दादा... हात दे रे..."

धुकं थोडं हललं. वीस पावलांवर तिला चौघं पाठमोरे दिसले. डॉक्टर आवाजाच्या दिशेनं धावायला निघाले होते आणि हरेशनं त्यांचा दंड धरला होता.

"अहो, मुलगी ओरडतेय!" डॉक्टर म्हणाले.

"चला तुम्ही. गाडीकडे चला."

"हरेश, ती अडकलीय म्हणतेय..."

"तिला वाट माहीत हाय," हरेश म्हणाला. "ती येईल."

प्रणिताला वाटलं होतं, काल जे समजलं त्याहून जास्त आता दुखायचं काही उरलं नाही. उरलं होतं. त्यानं क्षणभरसुद्धा तिकडं वळून पाहिलं नव्हतं.

"दादा," ती त्याच्या मागून म्हणाली. "मी हितंच हाय."

हरेश वळला. त्यानं तिला पाहिलं, मग धुक्याकडे पाहिलं. तिकडून हाक अजून येतच होती. तो तिच्याकडे यायला निघाला आणि त्याचा पाय उचलला नाही.

सड्यावर खाजणाचा वास पसरला. कुबट, खारट. हरेशनं दुसरा पाय ओढून पाहिला. खाली कातळ होता, सगळ्यांना दिसत होता, वाळकं गवत होतं. पण त्याची पँट घोट्यापासून काळी ओली होत वर चढत होती. गुडघे. मांड्या. तो हळूहळू बुटका होत होता... नाशिकच्या बाईंनी डोळे मिटून घेतले.

"प्रणिता..." त्यानं दोन्ही हात वर केले. "मी ऐकलं होतं गो. तो हाका मारत होता. दोनदा माझं नाव घेतलान. पाणी येत होतं, मी भ्यालो... मग वाटलं, आता गेलो तर काय सांगू... प्रणिता, हात दे!"

ती हलली नाही. किती वेळ, ते तिला नंतरही सांगता आलं नाही. डॉक्टर म्हणतात, दहा श्वास. त्या वेळात तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि तिला कळलं, की नुसतं उभं राहायचं आहे. एवढंच. बाकी सगळं आपोआप होईल.

मग तिनं ओढणी सोडली, पोटावर आडवी झाली, बापानं शिकवलं होतं तशी, आणि ओढणीचं टोक त्याच्याकडे फेकलं. डॉक्टरांनी तिचे पाय धरले. तो निघाला तेव्हा चिखल सुटतो तसा ओला, चोखल्यासारखा आवाज आला. कातळावर खड्डा नव्हता, भेग नव्हती. हरेशच्या अंगावर मात्र छातीपर्यंत खाडीचा करडा गाळ होता.

रोह्याच्या दवाखान्यात त्यानं हवालदारासमोर सगळं सांगितलं. न विचारता, एका दमात, जबाबावर सही करेपर्यंत. मग तो भिंतीकडे तोंड करून निजला. त्याची थंडी तीन घोंगड्यांखालीही जाईना. डॉक्टर त्याच्याजवळ थांबले. प्रणिता एसटीनं नागोठण्यावरून घरी आली.

दुपारचे तीन वाजले होते. कडक ऊन. सीताबाई ओट्यावर मासळी निवडत बसली होती. आईला कसं सांगायचं याची प्रणितानं वाटभर जुळवाजुळव केली होती. तिनं आईच्या खांद्यावर हात ठेवला.

"आये, बाबांचं कळलं."

"ठावं हाय मला," सीताबाई म्हणाली. तिनं वर पाहिलं नाही. तिचं कपाळ पुसलेलं होतं, मोकळं. "सकाळी तोच येऊन सांगून गेला. आता नाय यायचा तो."

प्रणिता तिच्याशेजारी बसली. दोघी बराच वेळ रडल्या. मग सीताबाईनं पदरानं तोंड पुसलं आणि आवाज खाली आणला.

"पन जाताना दुसऱ्याला ठेवून गेला गो. आत बसलाय. अंधारात. काय विचारलं तर बोलत नाय."

"कोण?"

सीताबाईनं दाराकडे बोट दाखवलं.

तेवढ्यात फोन वाजला. डॉक्टर होते. "पोचलीस ना? इथं सगळं ठीक आहे. मी त्याच्या उशाशीच बसलोय. श्वास चालू आहे, नाडी चालू आहे. फक्त जागा असून ओ देत नाही. डोळे उघडे आहेत... थांब, परत बघतो."

फोनमधून त्यांनी मोठ्यानं हाक मारलेली तिला ऐकू आली. "हरेश!"

घराच्या आतून, मधल्या खोलीच्या अंधारातून, कुणीतरी हळूच उत्तर दिलं.

"ओ..."