उभी गाडी लागते कशी?

"मी मागे बसणार नाही म्हणजे नाही!"

"मीसुद्धा नाही! डोकं फुटायची वेळ येते तिथे!"

"अरे, काल सकाळी त्याच सीटसाठी एकमेकांच्या झिंज्या उपटत होतात ना?" बाबांनी कपाळाला हात लावला. "मग आज काय काटे उगवले तिथे?"

काल मागच्या सीटवर बसून भिंगरी आणि पैलवान, दोघांची पार दैना उडाली होती. भिंगरी दोनदा ओकली होती आणि पैलवान तर डोकं गुडघ्यांत घालून नुसता कण्हत होता. भिंगरी बारा वर्षांची. एका जागी बूड टेकत नाही म्हणून तिला घरात सगळे भिंगरीच म्हणत. पैलवान तिचा मावसभाऊ. फुंकर मारली तर उडून जाईल असा काडीपैलवान!

"मी बसतो! मला नाही गाडी लागत!" टिल्लू उड्या मारत म्हणाला. टिल्लू भिंगरीचा धाकटा भाऊ. नुकताच पहिलीत गेलेला.

"हा बघा खरा मर्द!" बाबा खूश झाले. त्यांनी टिल्लूची छोटी सीट मधल्या रांगेतून सोडवून मागच्या रांगेत बांधली, आणि मंडळी निघाली.

सुट्टीत सगळी एका बेटावर आली होती, आणि बेट फिरायचं म्हणजे समुद्राच्या कडेने गोल वळसा घालायचा. जिथून निघालो त्याच बंदरगावात परत. त्यासाठी बाबांनी भाड्याने गाडी घेतली होती. काळीभोर, हत्तीएवढी, कातडी सीटांची. "दार लावलं की बाहेरचं जग बंद!" असं ते येता-जाता ऐकवत. गाडीला खरचटलं, सीटला डाग पडला, तर आपलं कसं होणार, या धास्तीने गाडीत कुणाला बिस्किटसुद्धा खायला परवानगी नव्हती.

डावीकडे निळाशार समुद्र, उजवीकडे नारळांच्या रांगा. पण भिंगरीचं लक्ष बाहेर नव्हतं. मधल्या सीटवर ती पैलवानाला चिकटून बसली आणि हळूच म्हणाली, "पैलवान, याआधी तुला कधी गाडी लागली होती?"

"मला? हॅट! मी हेलकावणाऱ्या होडीत उभा राहून केळी खाल्लीयेत!"

"मग काल काय झालं?"

"काय माहीत. घाट होता ना."

"काल सगळ्यात जास्त डोकं कधी दुखलं? आठव नीट."

पैलवानाने डोळे मिटले. "त्या पुलापाशी. काम चाललं होतं, सगळ्या गाड्या अडकून पडल्या होत्या, तेव्हा."

"म्हणजे गाडी उभी होती. नुसतं इंजिन चालू होतं."

"हो."

"मग मला सांग, उभी गाडी लागते कशी?"

पैलवानाने आ वासला.

"आणि नारळवाल्यापाशी उतरलो, तर जरा वेळाने दोघंही ठणठणीत! परत गाडीत बसलो, परत तेच. वळणांचा काही संबंध नाही रे. गाडीतच काहीतरी आहे! आणि हे बघ, एका गाडीत अत्तराच्या तीन तीन बाटल्या कशाला टांगतं कुणी?"

दोघांच्याही मनात एकदमच काहीतरी चमकलं आणि दोघंही एकदमच मागे वळली. मागे टिल्लू होता. झोपेतसुद्धा बडबडणारा टिल्लू केव्हापासून चिडीचूप होता!

त्याची मान छातीवर लोंबत होती. हातातली खेळण्यातली गाडी खाली पडली होती.

"टिल्लू! ए टिल्लू!"

भिंगरीने त्याचा हात धरून हलवला. हात ओल्या फडक्यासारखा लोळागोळा. तिने चिमटा काढला. एरवी चिमटा नुसता दाखवला तरी घर डोक्यावर घेणारा टिल्लू हूं की चूं करेना.

"बाबा, गाडी थांबवा! टिल्लू उठत नाहीये!"

"झोपलाय गं तो. झोपू दे की. तेवढीच शांतता."

"झोपला नाहीये बाबा! निदान काचा तरी उघडा!"

तिने स्वतःच बटण दाबून पाहिलं. काच ढिम्म हलेना. काल टिल्लूने आईची टोपी बाहेर उडवल्यापासून बाबांनी मागच्या सगळ्या काचा पुढून बंद करून टाकल्या होत्या.

"बाहेर धूळ किती आहे बघ. एसी लावलाय ना? आणि या कड्यावर मी गाडी थांबवू कुठे? खालचं गाव आलं की बघू."

"आई! तू तरी सांग ना!"

पुढच्या सीटवर आई काचेला डोकं टेकून बसली होती. "अं… हळू बोल गं… डोकं ठणकतंय माझं," ती पुटपुटली आणि तिने पुन्हा डोळे मिटले.

आईसुद्धा! आणि बाबा? तिने आरशात पाहिलं. बाबा एका हाताने डोळे चोळत होते. तेवढ्यात गाडीचं चाक खडीवर गेलं, खडखड आवाज झाला, बाबांनी दचकून गाडी रस्त्यावर आणली. कड्याखाली समुद्र लाटा आपटत होता.

आता ओरडून उपयोग नव्हता. मुलांचं ओरडणं म्हणजे मोठ्यांच्या कानाला पावसाची टिपटिप! भिंगरीने पैलवानाचा दंड धरला.

"ओक!"

"काय?"

"ओकायचं नाटक कर! जोरात! सीटवर!"

पैलवानाने जरासुद्धा वेळ घालवला नाही. तो पुढे वाकला आणि त्याने असा काही आवाज काढला, की खऱ्या ओकणाऱ्यालाही लाज वाटावी. "ओऽऽऽक्!"

"बाबाऽऽ! पैलवान सीटवर ओकतोय! कातडी सीटवर!"

"सीटवर नको! सीटवर नको!"

करकचून ब्रेक लागला. पोटच्या पोराचं नाव घेऊन जी गाडी थांबली नव्हती, ती सीटचं नाव घेताच जागच्या जागी थांबली!

भिंगरीने दार ढकललं, मागच्या रांगेत शिरून टिल्लूचा पट्टा सोडवला. पैलवानाने त्याचे पाय धरले. काखेत धरून ओढताना टिल्लूचं डोकं मागे कलंडलं, तेव्हा कुठे बाबांच्या ध्यानात आलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"टिल्लू? अरे राजा, डोळे उघड!"

त्यांनी त्याला रस्त्याकडेच्या झाडाखाली निजवलं. तळवे चोळले, तोंडावर पाणी मारलं. श्वास चालू होता, पण इतका मंद, की भिंगरीला त्याच्या नाकापाशी गाल न्यावा लागला. आई कशीबशी उतरली, दोन पावलं चालली आणि मटकन खाली बसली. बाबांनी फोन काढला. फोनला रेंज नाही. रस्त्यावर ना माणूस, ना गाडी. नुसता वारा आणि लाटांचा आवाज.

"चला, बसा सगळे गाडीत! दवाखाना गाठू!" बाबांनी टिल्लूला उचललं.

भिंगरी दारात आडवी उभी राहिली. "नाही बाबा! या गाडीनेच त्याला असं केलंय!"

"मग काय करू मी? पाठीवर घेऊन पळू?" बाबा किंचाळले. किंचाळता किंचाळता त्यांचा आवाजच फुटला. बाबांना रडताना भिंगरी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होती. पण आता आपणही रडलो तर टिल्लूचं काही खरं नाही, एवढं तिला कळत होतं.

तिने नाक खुपसून मागचा कोपरान् कोपरा हुंगला. अत्तराच्या मागे लपलेला एक जळकट वास होता. मागच्या, सामान चढवायच्या दाराच्या खालच्या डाव्या कोपऱ्यापाशी तर तो थेट घशात गेला.

"एसी बंद करा," ती म्हणाली. "सगळ्या काचा खाली करा. टिल्लू पुढे, आईच्या मांडीवर, खिडकीशी. मागच्या रांगेत कुणी बसायचं नाही."

"मागचं दारही उघडं ठेवू या?" पैलवान म्हणाला.

"मुळीच नको! वास तिकडूनच येतोय. अजून आत येईल."

बाबांनी ती सांगेल तसं केलं.

गाडी धावत होती. वाऱ्याने केस डोळ्यांत जात होते, धुळीने तोंड भरत होतं. भिंगरी दोन सीटांच्या मधून पुढे वाकली होती.

"आई, छाती हलतेय त्याची?"

"हलतेय."

"आता?"

"हलतेय गं… हलतेय बहुतेक."

"बहुतेक नको! नीट बघ!"

बंदरगावच्या दवाखान्यात पोचले, तेव्हा टिल्लूचे ओठ राखेसारखे दिसत होते. नर्सने त्याला बाबांच्या हातातून जवळजवळ हिसकावूनच घेतलं. डॉक्टरबाईंनी त्याच्या तोंडावर प्राणवायूचा मुखवटा चढवला आणि मागे न वळताच विचारलं, "बंद खोलीत शेगडी पेटवली होती?"

"नाही हो. आम्ही गाडीत होतो."

"मग गाडीत इंजिनाचा धूर शिरत होता. त्यात एक विषारी वायू असतो, कार्बन मोनॉक्साइड. त्याला स्वतःला ना रंग, ना वास. माणूस झोपतो तो झोपतोच." मग आईकडे नजर गेली. "तुम्हीही झोपा इथे. यांनाही मुखवटा लावा!"

"उठेल ना माझा टिल्लू?" आईने विचारलं.

डॉक्टरबाईंनी टिल्लूची नाडी धरली. "वाट पाहू," एवढंच त्या म्हणाल्या.

तेवढ्यात भाड्याच्या गाड्यांचा माणूस हजर झाला. तो कामाला होता ते दुकान दवाखान्याच्या समोरच होतं. गोड बोलण्यामुळे मुलांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव तुपकट ठेवलं होतं.

"अरेरे, ऊन बाधलं वाटतं बाळाला! गाडीची काळजी करू नका हं साहेब, गाडी मी नेतो." बाबांची नजर टिल्लूवर खिळलेली. तुपकटाने त्यांच्या मुठीतली किल्ली अलगद काढून घेतली.

भिंगरी खिडकीपाशी गेली. समोर तुपकट घाईघाईने सीटा पुसत होता, गाडीत अत्तराची नवी बाटली टांगत होता, आणि एक कुटुंब गाडीवर सामान चढवत होतं. त्यांच्यातल्या आईच्या कडेवर तान्हं बाळ होतं!

"पैलवान, चल!"

दोघं रस्ता ओलांडून सुसाट धावली.

"काकू, या गाडीत बसू नका! हिच्यात धूर शिरतो! माझा भाऊ तिकडे बेशुद्ध पडलाय!"

तुपकट हसला. "मुलांना गाडी लागली हो. लहान आहेत, घाबरलीत. बसा तुम्ही."

बाळाचे बाबा घड्याळ बघत म्हणाले, "बाजूला व्हा रे पोरांनो, उशीर होतोय."

भिंगरी रडायच्या बेतात होती. कसं सिद्ध करायचं? वास तर अत्तराने झाकलेला! आईची पर्स सांभाळायला म्हणून तिच्याच गळ्यात होती. तिने पर्समधून आईची लिपस्टिक काढली आणि कुणी अडवायच्या आत मागचं दार उघडून त्याच्या कडेच्या रबरावर सगळीकडून फासली.

"अगं ए! काय करतेस!" तुपकट धावला. पण त्याच्या कमरेला पैलवान घोरपडीसारखा चिकटला!

भिंगरीने दार धाडकन लावलं, पुन्हा उघडलं. "बघा! दार नीट बसत असेल, तर समोरच्या पत्र्यावर लाल रेघ सगळीकडे उमटली पाहिजे."

सगळे वाकून पाहू लागले. लाल रेघ वरून आली, कडेने उतरली आणि खालच्या डाव्या कोपऱ्यापाशी चक्क तुटली. तिथे तळहाताएवढा पत्रा कोरा करकरीत होता!

"इथून धूर आत येतो," भिंगरी म्हणाली.

पैलवान तुपकटाला सोडून जमिनीवर लोळला आणि गाडीखाली शिरला. "आणि धुराचा पाइप मध्येच तुटलाय! नुसता तारेने बांधलाय! वर सगळी काजळी!"

बाळाच्या आईने गाडीकडे पाहिलं, मग दवाखान्याकडे पाहिलं, आणि बाळाला घट्ट छातीशी धरलं. "सामान उतरवा," ती नवऱ्याला म्हणाली. "आत्ताच्या आत्ता!"

आरडाओरडा ऐकून दुकानाची मालकीण बाहेर आली. तिने त्या कोऱ्या पत्र्यावर बोट फिरवलं आणि तुपकटाकडे नुसतं पाहिलं. त्याचं सगळं तूप वितळलं.

"मागे घेताना भिंतीवर आदळली होती… वरून रंग दिला… दुरुस्तीत सुट्टीचे दिवस गेले असते ना…"

"म्हणून अत्तर टांगलंस?" मालकीण गरजली. "पोरांच्या जिवावर? चल पोलिसांकडे, तिथे सांग हे!"

पण पुढचं ऐकायला भिंगरी थांबलीच नाही. ती पुन्हा दवाखान्याकडे धावत सुटली होती.

टिल्लू तसाच पडून होता. आईचा मुखवटा आता काढला होता. आई, बाबा, भिंगरी, पैलवान, चौघं खाटेभोवती बसली. प्राणवायूची सूं सूं तेवढी चालू होती. उन्हाचा पट्टा भिंतीवरून सरकत खिडकीपर्यंत गेला. डॉक्टरबाई येत, नाडी बघत, जात. भिंगरीने टिल्लूच्या तळहातात आपलं बोट ठेवलं होतं. किती वेळ झाला कोण जाणे. मनातल्या मनात ती एकच गोष्ट म्हणत होती, दाब रे, एकदा तरी दाब.

आणि बोटावर अगदी हलकेच काहीतरी आवळलं! भिंगरी ओरडली,

"आई!"

टिल्लूच्या पापण्या थरथरल्या. डॉक्टरबाई धावत आल्या. त्यांनी त्याचे डोळे पाहिले, नाव विचारलं, आणि इतक्या वेळात पहिल्यांदाच त्या हसल्या. "आजची रात्र इथेच ठेवू. पण आता भिऊ नका."

मग त्या भिंगरीकडे आणि पैलवानाकडे वळल्या. "बंद गाडीत आणखी थोडा वेळ गेला असता, तर माझ्या हातात काही उरलं नसतं. आणि ते समोरचं बाळही तुम्हीच वाचवलंत. शाबास रे पोरांनो!"

दारात उभ्या असलेल्या बाळाच्या आईने दोघांना जवळ ओढलं. पैलवान लाजून लाल झाला.

बाबा उठले आणि भिंगरीसमोर गुडघ्यांवर बसले. "मी ऐकलं नाही गं तुझं," ते म्हणाले. "ऐकायला हवं होतं." भिंगरीने त्यांच्या गळ्यात हात टाकले, आणि सकाळपासून अडवून धरलेलं सगळं रडू तिथे मोकळं झालं.

खाटेवर टिल्लूची चुळबुळ सुरू झाली होती. त्याने मुखवटा जरा वर केला, सगळ्यांकडे आळीपाळीने पाहिलं आणि झोपाळल्या आवाजात विचारलं, "आई, आपण पोचलो?"

आईने त्याच्या कपाळावरचे केस मागे सारले.

"हो रे राजा," ती म्हणाली. "तुझ्या ताईने पोचवलं आपल्याला."