वारा पडल्यावर

बसा, सांगतो. १९७८ च्या मार्चमध्ये आम्ही पुण्याहून ट्रकवर लेझरचं यंत्र घेऊन आसेगावला गेलो होतो. डोळ्यांना न दिसणारा झोत हवेत सोडायचा. तो धुळीवर आपटून परत आला, की तिथला वारा किती वेगाने चाललाय ते कळायचं. पडद्यावर एक उंचवटा दिसे. मध्ये असला तर हवा थांबलेली, उजवीकडे सरकला तर आपल्याकडे येतेय, डावीकडे तर दूर जातेय.

भर दुपारी वारा पडला. हवा इतकी स्वच्छ, की पडदा कोरा. समोर रामकिसन नावाच्या तरुण शेतकऱ्याचं खळं होतं. धान्य उपनायला, म्हणजे वाऱ्यावर सोडून भुसा उडवायला, ज्यावर चढतात तो तीन पायांचा उंच तिवा तिथे उभा होता. त्याला म्हटलं, तिव्यावर चढ आणि टोपलीभर भुसा सोड, मला धूळ हवी.

त्याची आई सोजरबाई पाणी घेऊन ट्रकपाशी आली होती. "वारा पडल्यावर उपनत नसतेत, साहेब," ती म्हणाली. "याच्या बापानं मागल्या साली उपनलं. तिव्यावरून पडला, तो उठलाच नाही."

मी हसलो. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते. साहेबाचा शब्द कसा मोडायचा, म्हणून रामकिसन चढला.

भुसा उडाला. उंचवटा बरोबर मध्ये उभा राहिला. मग उजवीकडे दुसरा, लहानसा. माणूस चालतो तेवढाच वेग. अंतराचं चाक फिरवून पाहिलं, तर तो खळ्यापलीकडच्या विहिरीपाशी होता. मग शेताच्या धुऱ्यावर. मग खळ्याच्या कडेला. शेतात कुणीही नव्हतं. कपाशीच्या पऱ्हाटीचं पानही हलत नव्हतं.

तिव्यापाशी तो थांबला. रामकिसन टोपली धरून खाली कुणाकडे तरी बघत होता.

"काय दिसून राह्यलं, साहेब?" सोजरबाईने विचारलं.

"कोणीतरी... चालत आलं."

"एकलंच?"

"हो."

तेवढ्यात डावीकडे उंचवटा उठला आणि विहिरीकडे निघाला. त्याच्या शेजारी आणखी एक.

"आन् जातानी...?"

पडदा तिला वाचता येत नव्हता, माझा चेहरा वाचता आला. ती धावली. रामकिसन तिव्यावर तसाच उभा होता. तिने पायाला हात लावला, तसा तो तिच्या अंगावर कोसळला. त्या उन्हात त्याचं अंग गार पडलं होतं.

यंत्र बंद करायला वळलो, तर उजवीकडे दोन उंचवटे होते. चाक फिरवून अंतर पाहिलं. ते कमी होत चाललं होतं. खळं त्यांनी केव्हाच मागे टाकलं होतं.