जाऊन राहिले

डिसेंबरातल्या एका सकाळी तो माझ्यासमोरच्या स्टुलावर येऊन बसला आणि काहीच बोलला नाही.

"काय होतंय?"

गप्प.

"अहो, त्रास काय होतोय?"

त्याने गळ्याकडे बोट दाखवलं, टेबलावरचा केसपेपर ओढला आणि त्यावर लिहिलं – 'संघदीप. नागझिऱ्यात गाईड. आवाज गेला. वाघ दिसला तर सांगू कसा?'

मला हसू आलं, ते लपवायला मी टॉर्च पेटवून घसा बघितला. लालबुंद! पहाटे सहाच्या थंडीत उघड्या जिप्सीत उभं राहून महिनाभर बडबडल्यावर दुसरं काय होणार?

"तीन दिवस एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचंही नाही."

त्याने लिहिलं, 'अन् सुई?'

इथे माझं डोकं फिरतं. मी डॉक्टर रीता, मूळची सांगलीची, बंधपत्राच्या वर्षासाठी बोदलकशाजवळच्या या छोट्या आरोग्य केंद्रात आलेली. हिवाळा लागला की माझं टेबल व्हरांड्यातल्या उन्हात येतं आणि समोर कानटोप्यांची रांग. प्रत्येकाला सुई हवी. सर्दीला सुई, कंबरेला सुई, झोप येत नाही – सुई! बाळाला थंडी लागते म्हणून दारं-खिडक्या लावून शेगडी पेटवायची आणि धुराने बाळ खोकलं की माझ्याकडे आणायचं. तहान लागत नाही म्हणून दिवसभर पाणी प्यायचं नाही आणि 'मॅडम, डोकं दुखून राहिलं' म्हणायचं. मी रोज ओरडते. ते रोज ऐकून घेतात, आणि जाताना ओट्यावर मेथीची जुडी ठेवून जातात. अशा लोकांवर रागवायचं तरी किती?

चौथ्या दिवशी तो परत आला.

"आवाज आला, मॅडम." चांगला भरदार आवाज होता हो! "सकारीच आला होता. पन पहिला शब्द तुमच्यासमोर बोलाचा होता, म्हनून घरी गप्प होतो. माय म्हने, पोरगं मुकं झालं."

"मग आता आलात कशाला? बरे झालात ना?"

"बरा झालो हे दाखवाले."

नंतर तो येतच राहिला. कधी आईचं, दुर्गाबाईंचं बीपी मोजायला, कधी जंगलातली बोरं घेऊन. "घशाला आंबट चालत नाही," मी दटावायची. "माह्या घशाले नाई... तुमच्यासाठी हाय," तो म्हणायचा, आणि माझ्याकडे न बघता रांगेकडे बघायचा. सांबराच्या खुराच्या ठशावर अर्धा तास बोलणारा हा माणूस – पण मुद्द्याची वेळ आली की बोरं पुढे करायचा.

माझं वर्ष फेब्रुवारीत संपणार होतं. सांगलीच्या एका दवाखान्यात आईने माझी जागा जवळजवळ पक्की केली होती. इथे थांबायचं तर मुदतवाढीचा अर्ज एकतीस जानेवारीपर्यंत द्यायचा होता, आणि तो माझ्या खणात कोराच पडला होता. खरं सांगते, मी त्याच्या एका वाक्यासाठी थांबले होते. ते आलं नसतं तर मी गेले असते. आपणच कसं म्हणायचं? मलाही मान आहे की नाही!

संक्रांतीला मी आठ दिवस सांगलीला जाऊन आले. आमच्या सिस्टर अल्काताई तेव्हा लेकीच्या बाळंतपणासाठी रजेवर होत्या. त्या कामावर आल्या, चहाचा कप माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाल्या, "मॅडम, माय सांगलीले बोलावते म्हनत होत्या ना तुमी? मंग?"

"मग काय, जाऊन राहिले ना!" मी चहा फुंकत म्हटलं.

अल्काताईंचा चेहरा पडला. मला वाटलं, लेकीच्या बाळंतपणातल्या जागरणाचा थकवा असेल.

दुसऱ्या दिवशी, तीस तारखेला, आभाळ आलं होतं म्हणून टेबल आत खोलीत होतं. बोदलकशाच्या देवाजींनी वाळलेल्या झिंग्यांची पुडी टेबलावर ठेवली आणि डोळे पुसत निघून गेले. त्यांच्या मागचे ईश्वरदासबुवा म्हणाले, "जाता जाता एक सुई तं लावून द्या, मॅडम." म्हाताऱ्याला घरी जायची घाई असेल, असं मला वाटलं!

आणि मग संघदीप आला. सफारीच्या ऐन वेळेला, अंगावर गाईडचं जाकीट तसंच. रांग ओलांडून सरळ आत आला.

"मी थांबा म्हननार नाई," तो म्हणाला. "तुमचं घर हाय तिकडं. पन... मले आवडता तुमी. लय आवडता. आज नाई बोललो तं कवा बोलू... गाडी सुटल्यावर?"

माझ्या हातातला स्टेथोस्कोप हातातच राहिला. काळीज असं धडधडत होतं की वाटलं, यालाही ऐकू जाईल.

"आधी का नाही बोललात?"

"तुमी डॉक्टर, मी जंगलातला गाईड. घरी इचारतीन ना – कोन हाय, कोन्या समाजाचा हाय..."

"विचारतील," मी म्हटलं. "मी सांगेन. मलाही तुम्ही आवडता, संघदीप. पण गाडी कुठली? कोण चाललंय?"

तो गोंधळला. "तुमीच तं अल्काताईले म्हनलं... जाऊन राहिले!"

आता कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. अरे देवा! इथे दुखून राहिलं म्हणजे दुखतंय, आणि जाऊन राहिले म्हणजे निघालेय. वर्षभर रोज ऐकून मला हे पाठ होतं. पण बोलताना तोंडात आपली सांगलीच. "अहो, जाऊन राहिले म्हणजे गेले, आठ दिवस राहिले आणि परत आले!"

त्याचे कान लाल झाले. बाहेर अल्काताई 'अगा माय' म्हणाल्या, म्हणजे त्या दाराशीच होत्या.

"म्हंजे... तुमी चालल्या नाई?"

"नाही."

"मंग मी बोललो ते... वापस घेऊ का?"

"घेऊन तर बघा!"

मी खण उघडला, अर्ज काढला आणि त्याच्यादेखत भरून सही केली. तो टेबलावर वाकून एकेक ओळ वाचत होता.

"मुदतवाढ, एक वर्ष," तो हळूच म्हणाला. "एकच वर्ष, मॅडम?"

"सरकारकडे एवढंच मागता येतं," मी म्हटलं. "बाकीचं तुम्ही मागा."