चार नंबरच्या खोलीतला कोपरा

हे खरं आहे. वहिनीला विचारूनच लिहितेय. ती म्हणाली, "लिही, पण माझं नाव घालू नकोस." म्हणून मी कुणाचंच घालत नाही.

अशा गोष्टी रात्रीच्या असतात म्हणे. ही शनिवारी भर दुपारी घडली. बाहेर डोळे उघडवत नव्हते इतकं ऊन होतं. जागा म्हणजे वस्तीपासून लांब असलेलं एक कोल्ड स्टोरेज. मी स्वतः तिथे होते.

दाराच्या या बाजूला.

आधी वहिनीचं काम सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. ती इंजिनिअर आहे. बंद जागेत हवा कशी फिरते, कुठे अडते, हे ती कॉम्प्युटरवर काढून देते. त्यासाठी आधी खोलीतल्या मोकळ्या हवेचे लाखो बारीक तुकडे करावे लागतात. जणू सगळी खोली जाळीने भरून टाकायची. जिथे खांब किंवा खोकं असेल, तिथे जाळी थांबते आणि तेवढी जागा रिकामी सुटते.

ही जाळी विणणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. ते कुठल्या कंपनीचं नाही. जगभरातले लोक मिळून ते बनवतात. आतला कोड कुणीही उघडून वाचावा, चूक दिसली तर सुधारावी. त्यातलाच एक माणूस, कुठल्यातरी लांबच्या देशातला, वहिनीच्या प्रत्येक अडचणीला उत्तर द्यायचा. कधी भेट नाही, चेहरा माहीत नाही. आम्ही घरात त्याला जाळीबाबा म्हणायचो.

"दिवसभर जाळी विणतेस," आई वहिनीला म्हणायची, "एवढ्यात घरातल्या सगळ्यांचे स्वेटर झाले असते."

तर, त्या कोल्ड स्टोरेजचं काम वहिनीकडे आलं. चार नंबरच्या खोलीत गोठवलेले मटार ठेवायचे. तापमान उणे अठरा. पण मागच्या डाव्या कोपऱ्यातल्या पिशव्या मऊ पडायच्या. तिथे काहीतरी गरम होतं. मॅनेजरने थर्मामीटर बदलून पाहिले, भिंतीचे पत्रे उघडून पाहिले. काही सापडेना. माल फुकट जात होता आणि मालक त्याच्या डोक्यावर बसला होता.

वहिनीने खोली मोजली, कॉम्प्युटरवर तशीच खोली काढली आणि जाळी विणायला लावली.

सगळीकडे जाळी नीट आली.

फक्त त्या कोपऱ्यात... भोक होतं.

तिथे तिने काहीच काढलं नव्हतं. चार भिंती, छत, पंखे, बस्स. तिने फाइल पुन्हा तपासली. पुन्हा जाळी विणली.

भोक तिथेच.

तिने फाइल जाळीबाबाला पाठवली. त्याने आपल्या मशीनवर चालवून पाहिली. दोघांनी मिळून कोड वाचला. चूक नव्हती. मग तो म्हणाला, जाळी आणखी बारीक करून बघू, म्हणजे भोकाचा आकार तरी कळेल.

संध्याकाळी त्याचं चित्र आलं. मी वहिनीच्या मागेच उभी होते, चहाचे कप घेऊन.

गुडघे पोटाशी घेऊन... कुणीतरी बसलं होतं.

"इथे माणूस का बसवलायस?" त्याने विचारलं होतं.

वहिनी हसली. मला म्हणाली, "बघ, लोकांना ढगातसुद्धा हत्ती दिसतात." पण तिने चहा घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने जाळी अजून बारीक केली. फाइल तीच, एक आकडाही बदललेला नाही. या वेळी त्याने चित्र पाठवलं नाही. एवढंच लिहिलं, "याने आता मान वर केली आहे. यापेक्षा बारीक मी विणणार नाही. माफ कर."

मी म्हटलं, "वहिनी, सोड हे काम."

"अगं, सॉफ्टवेअर आहे ते. कुठेतरी गंडलंय. कोपऱ्यातली हवा एकदा प्रत्यक्ष बघते, म्हणजे विषय संपेल."

शनिवारी आम्हाला बाजारात जायचं होतं. आधी तिथे दहा मिनिटांचं काम आहे, म्हणून तिने मला सोबत घेतलं.

मॅनेजरने खोली रिकामी करून ठेवली होती. यंत्र मात्र चालू. वहिनीने जाड जॅकेट घातलं आणि एक काठी घेतली. काठीच्या टोकाला लोकरीचा धागा. हवा जिकडे जाते तिकडे धागा उडतो, इतकी साधी गोष्ट. ती आत गेली. मी दारातून बघत होते. मॅनेजर फोनवर बोलत जरा बाजूला गेला.

धागा सगळीकडे एकाच दिशेला उडत होता.

मग ती कोपऱ्यापाशी पोचली. आणि धागा...

कोपऱ्याकडे ओढला गेला. थांबला. परत आला. पुन्हा ओढला गेला. थांबला. परत आला.

सावकाश. झोपलेल्या माणसाची छाती हलते तसा.

वहिनीने वळून माझ्याकडे पाहिलं. तिच्या तोंडाची वाफ मला दिसली. ती काहीतरी बोलणार होती.

तेवढ्यात दार सरकलं. कुणी ढकललं नाही. एवढं जड दार, एरवी ढकलायला चांगला जोर लावावा लागतो. माझ्या डोळ्यांसमोर सरकत गेलं आणि बंद झालं.

आतला दिवाही गेला. दारातल्या काचेच्या झरोक्यातून नुसता काळोख.

मॅनेजर धावत आला. कामगार आले. दार जागचं हलेना. "आतून उघडायची मूठ आहे, मॅडमना माहीत आहे," तो सारखं म्हणत होता. यंत्र बंद केलं, तरी आतली थंडी काही लगेच जाणार नव्हती. मी दारावर बुक्क्या मारत होते. वहिनी, वहिनी म्हणून ओरडत होते.

आतून... काहीच नाही.

मेकॅनिक येऊन दाराच्या चाकांचे नट काढेपर्यंत तासाच्या वर वेळ गेला. मधेच मी दादाला फोन लावला.

दार निघालं. टॉर्च आत मारला.

वहिनी त्याच कोपऱ्यात बसली होती. गुडघे पोटाशी घेऊन. जॅकेट काढून बाजूला ठेवलेलं, नीट घडी घालून. डोळे उघडे.

मी तिचा हात धरला. वाटलं, बर्फ असेल.

हात उबदार होता. गाल लाल. केसांच्या मुळाशी घाम.

डॉक्टर म्हणाले, फार थंडीत माणसाला उलट उकडल्यासारखं होतं, लोक कपडे काढतात, भास होतात. मग त्यांनी तिचा ताप पाहिला, पुन्हा पाहिला, आणि दुसरा थर्मामीटर मागवला.

बऱ्याच दिवसांनी कपड्यांच्या घड्या घालताना वहिनी त्याबद्दल आपणहून बोलली.

"मूठ नुसती गोल फिरत होती. मला कळलं, मी आता मरणार. मग आठवलं, तो कोपरा गरम आहे. मी स्वतःहून गेले गं. बसले. आणि कुणीतरी..."

"कुणीतरी काय?"

"सरकून जागा दिली."

मी विचारलं, "आम्ही इतक्या हाका मारल्या, त्या ऐकू नाही आल्या?"

"सगळ्या आल्या."

"मग ओ का नाही दिलीस?"

ती टॉवेलच्या घडीवरून हात फिरवत राहिली.

"माझ्या तोंडावर हात होता."

आम्ही चौकशी केली. त्या खोलीत कधी कुणी मेलं नाही. इमारतही नवी आहे. आधी तिथे मोकळं माळरान होतं. दार का सरकलं, मेकॅनिकला सांगता आलं नाही.

मॅनेजरचा मात्र फोन आला, खूश होता. कोपरा आता इतर खोलीसारखाच थंड आहे. मटार छान राहतात. "मॅडमनी काय केलं हो नेमकं?"

जाळीबाबानेही तेच विचारलं. त्याने जुनी फाइल पुन्हा चालवली होती. जाळी सगळीकडे भरली. भोक नाही. "काय दुरुस्त केलंस?"

दादा हल्ली हॉलमध्ये झोपतो. विचारलं तर म्हणतो, बेडरूममध्ये फार उकडतं. खिडकी उघडी, पंखा चालू, तरी उकडतं. एवढं बोलून विषय बदलतो.

परवा दुपारी मी वहिनीच्या खोलीत गेले. ती पलंगाच्या अगदी कडेला, अंग चोरून बसली होती. बाकी सगळा पलंग रिकामा. मी पलीकडच्या बाजूला टेकणार, तेवढ्यात ती म्हणाली, हळूच, आवाज न चढवता...

"तिथे नको. इकडे बस."

मी इकडे बसले.