पावणेतीनशे सामने

शिंपी आला तेव्हा मावशीच्या कचेरीत भर सकाळी दिवा लावावा लागला होता. आभाळ असं दाटलं होतं, की समोरच्या इमारतीच्या खिडक्याही दिसेनात.

"बसा," मावशी म्हणाली. "आणि ती टेप गळ्यातून काढा आधी. फास लावून घेतल्यासारखे दिसताय."

शिंपी दुकानातून तसाच उठून आला होता. त्यानं टेप काढून हातात गुंडाळली.

मावशी खासगी तपास करायची. साठी उलटलेली, शाळा चौथीपर्यंत, पण समोरचा माणूस बसायच्या आत तो काय लपवतोय ते तिला कळायचं. मदतीला तिचा जावई. गणितात पदवी घेतलेला, त्यामुळे सरळ गोष्ट त्याला जरा उशिरा कळायची. सगळे त्याला जावईबापूच म्हणत.

"माझ्या मुलीला चोर ठरवलंय," शिंपी म्हणाला.

गोष्ट कालची. शहरातल्या एका मोठ्या कंपनीत मुलीची मुलाखत होती. तिथे शिक्षणाचं कमी आणि कोड्यांचं जास्त विचारतात. प्रत्येकाला बंद पाकिटात वेगळं कोडं. ते मनात वाचायचं आणि उत्तर तोंडी, मोठ्यानं सांगायचं. मुलीनं मिनिटाच्या आत सांगितलं. आणि ती निघाली तेव्हा तिच्या पिशवीत त्याच उत्तराची चिठ्ठी सापडली.

"आज संध्याकाळी सहाला तिचं नाव काळ्या यादीत घालून सगळ्या कंपन्यांना पाठवणार आहेत. मग कोण दारात उभं करणार तिला? कालपासून अन्नाला शिवली नाही. मी शिवलेला कोट अंगात घालून अंधारात बसलीय."

"घरात आणखी कोण?"

"थोरला मुलगा. त्याच कंपनीत आहे, जुन्या कागदांच्या दप्तरखान्यात. त्यालाही पावणेअकराला इथे ये म्हटलं होतं. सव्वाअकरा झाले बघा."

तेवढ्यात दार उघडून थोरला आत आला. तयार कपडे, कडक इस्त्री.

"अर्धा तास एकटाच बडबडतोय मी," शिंपी म्हणाला.

थोरल्यानं मनगटावरचं घड्याळ पाहिलं. "वेळेवर तर आलोय."

"ह्याची ही नेहमीची तऱ्हा. सहाव्या वर्षी लांबच्या शाळेत घातला, वसतिगृहात राहिला. मोठ्या लोकांची भाषा शिकला, पण वेळ पाळायला शिकला नाही."

"आणि मुलगी?" मावशीनं विचारलं.

"ती गल्लीतल्या शाळेत. उरलेला वेळ दुकानात, टेपचं दुसरं टोक धरून."

थोरला खाली बघत म्हणाला, "बाबा, वाढवू नका. तिनं माफी लिहून द्यावी. मी साहेबांच्या पाया पडतो."

"न केलेल्याची माफी?" मावशी म्हणाली. "बरा भाऊ आहेस रे."

* * *

कंपनीची इमारत सगळी राखाडी. मुलाखतीच्या खोलीतला साहेब म्हणजे खुर्चीवर टाकलेला कोट. आत माणूस आहे, हे तो बोलला तेव्हाच कळलं.

"कोडं असं होतं," साहेब म्हणाला. "दोनशे शहात्तर खेळाडू. एका सामन्यात दोघं खेळतात, हरला तो बाहेर. एकच विजेता उरेपर्यंत एकूण सामने किती?"

जावईबापूंनी लगेच कागद काढला आणि अर्धे, त्याचे अर्धे, असे आकडे मांडायला घेतले.

"ती काय म्हणाली?" मावशीनं विचारलं.

"मला शब्द न् शब्द आठवतोय. 'एका सामन्यात एक जण बाहेर. एक सोडून सगळे बाहेर जायचेत. म्हणजे पावणेतीनशे सामने.' बस. लोक अर्धा अर्धा तास घेतात हो."

जावईबापूंनी कागद हळूच खिशात घातला.

साहेबानं चिठ्ठी पुढे केली. वाकडं अक्षर, डाव्या हातानं लिहिल्यासारखं. 'एका सामन्यात एक जण बाहेर. एक सोडून सगळे बाहेर. ३२५.' बाकी काही नाही.

"आकडा चुकलाय," मावशी म्हणाली.

"चिठ्ठी पुरवणाऱ्याची चूक. तिनं बोलताना दुरुस्त केली. मुलगी हुशार आहे, नाही कुठे म्हणतो मी? चोरही हुशार असतात."

मावशी उठून खोलीभर फिरली. मागची भिंत भिंत नव्हती, पातळ फळी होती. पलीकडे कुणीतरी खोकलं आणि जावईबापू दचकून मागे वळले.

"दप्तरखाना आहे पलीकडे," साहेब म्हणाला.

स्वागतकक्षातल्या बाईच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती.

"पावणेनऊला सगळ्यांच्या पिशव्या मी ठेवून घेतल्या," ती म्हणाली. "त्या फडताळात, दप्तरखान्याच्या दाराशी. येणारा-जाणारा कुणीही हात घालू शकतो, खोटं कशाला बोलू?"

"पिशवी तपासायचं कुणाच्या डोक्यात आलं?"

"फोन आला. आतल्या आत बोलायचा असतो ना, तो. पुरुषाचा दबका आवाज. 'त्या मुलीची पिशवी बघा.' साहेब इथेच उभे होते तेव्हा."

साहेबानं मान डोलावली.

तिसरा संशयित म्हणजे त्याच जागेसाठी काल आलेला दुसरा उमेदवार. त्याला आज पुन्हा बोलावलं होतं. जाड चष्म्याचा, झोप न झालेला.

"काल तिची पिशवी तपासून झाली तरी, पावणेबारापर्यंत मी बाहेरच्या खोलीतल्या खुर्चीवरून हललो नाही," चष्मेवाला म्हणाला. "इतर चौघं होते, विचारा त्यांना. माझं कोडं मला सुटलं नाही. तिची जागा मला दिली तर घेईन. वाईट वाटेल, पण घेईन."

"खरं बोलतोस. म्हणून नोकरी लागत नाही तुला," मावशी म्हणाली.

जिन्यात जावईबापू कुजबुजले, "आई, तीनशे पंचवीस म्हणजे तेरा गुणिले पंचवीस. तेरा नंबरची खोली बघायची का?"

"ह्या इमारतीत खोल्या अकरा आहेत, जावईबापू. तुमच्या डोक्यातली धरून बारा, आणि तीही रिकामी."

दप्तरखान्याच्या दारात थोरला उभा होता. मावशी त्याला म्हणाली, "पावणेपाचला ये रे मुलाखतीच्या खोलीत. तुझ्या बहिणीला घेऊन बाबा येतायत."

"येतो," तो म्हणाला.

* * *

पावणेपाचला खोलीत सगळे होते. साहेब, स्वागतकक्षातली बाई, चष्मेवाला, शिंपी. आणि मुलगी, बापानं शिवलेल्या कोटात. कोट नेमका बसला होता, मुलगीच एका रात्रीत आटल्यासारखी दिसत होती.

एक खुर्ची रिकामी होती.

"करा सुरू," साहेब म्हणाला.

"थांबायचं."

पाच वाजले. साहेबानं दोनदा घसा खाकरला. पाच वाजून दहा मिनिटं झाली. शिंपी टेप गुंडाळत होता, सोडत होता. बरोबर सव्वापाचला दार उघडून थोरला आत आला. आधी बसलेल्या सगळ्यांकडे बघून तो गोंधळला.

"वेळेवर आलास?" मावशीनं विचारलं.

"हो. का?"

"काही नाही. बस."

मावशीनं चिठ्ठी टेबलावर ठेवली.

"साहेब, खेळाडू दोनशे शहात्तर. प्रत्येक सामन्यात एक घरी जातो. मग तीनशे पंचवीस सामने होतीलच कसे? हरायला माणसं कुठून आणायची? ज्यानं कोडं वाचलंय, तो मेला तरी हा आकडा लिहिणार नाही. म्हणजे चिठ्ठी लिहिणाऱ्यानं प्रश्न पाहिलाच नव्हता. त्यानं फक्त उत्तर ऐकलं."

साहेब पुढे वाकला.

"आणि उत्तर ऐकू आलं ते मुलगी बोलल्यावरच. म्हणजे चिठ्ठी नंतरची. नंतर लिहिलेल्या चिठ्ठीवरून आधी नक्कल कशी करणार? हे कोडं तुम्हीच पुढच्या उमेदवाराला घाला."

"पण ऐकलं कुणी?" जावईबापूंनी विचारलं.

"चष्मेवाला लांबच्या खोलीत, चौघांसमोर. आतला फोन त्याच्या हाती कुठला? ही बाई तर फोन घेणारी. फोन आला तेव्हा साहेब तिच्यापाशी. राहिली ती फळीपलीकडची खोली. तिथला खोकला आम्ही मघाशीच ऐकलाय."

शिंप्याच्या हातातली टेप थांबली.

"पोरीनं सांगितलं, पावणेतीनशे," मावशी सावकाश म्हणाली. "म्हणजे दोनशे पंच्याहत्तर. ऐकणाऱ्यानं लिहिलं तीनशे पंचवीस. पावणे म्हणजे पाव वर, असा त्याचा समज. ह्या बाईला पावणेनऊ कळतं, चष्मेवाल्याला पावणेबारा कळतं, दोघं आज वेळेवर आले. एकच माणूस असा, की पावणेअकरा सांगितलं तर सव्वाअकराला येतो आणि पावणेपाच सांगितलं तर सव्वापाचला. वर म्हणतो, वेळेवर आलो. खोटं नाही बोलत तो. आकडे परक्या भाषेत शिकलाय, आणि बापाच्या दुकानात कधी बसला नाही."

फळीपलीकडे आता खोकायला कुणी नव्हतं.

"तीनदा," थोरला म्हणाला. "तीनदा दिली मी ही मुलाखत. तीनदा ह्याच खुर्चीत घामाघूम झालो, आणि मला त्या फळीमागे धूळ झाडायला बसवलं. काल कान लावून ऐकत होतो. वाटलं होतं, अडखळेल. तिनं एका दमात सांगितलं. उद्यापासून ती माझ्यावर साहेब. मोठ्या शाळेत मी शिकलो, बाबा. ती नाही."

शिंप्यानं वर पाहिलं नाही. "तुला मोठा करायला धाडला होता रे," तो म्हणाला. "दुकानात बसवलं असतं तर..."

साहेबानं यादी काढली, मुलीचं नाव खोडलं. "जागा तिचीच आहे," तो म्हणाला. "आणि ह्याचं काय ते मला बघावं लागेल."

मुलगी उठली. भावाच्या समोर जाऊन उभी राहिली. मावशीला वाटलं, आता थोबाडीत देणार.

"पावणे म्हणजे पाव कमी, दादा," ती म्हणाली. "मला विचारलं असतंस, तर सांगितलं असतं."

थोरल्यानं तोंड ओंजळीत धरलं.

शिंपी उठला, दोन पावलं चालला आणि थांबला. मुलीजवळ जावं की मुलाजवळ, हे त्याला ठरवता येत नव्हतं. हातातून सुटलेली टेप त्याच्या मागे जमिनीवर लांबच लांब पडली होती. बऱ्याच वेळानं मुलीनंच वाकून तिचं टोक उचललं.