खू अंकलचा शकुन

"कोळंब्या मेल्या, गोगलगायी मेल्या, पोवळी पांढरी पडली. मासे मात्र मजेत! आणि ले चू म्हणते, विष मी घातलं."

रोझलीने गावातल्या भानगडींचा छडा लावणाऱ्या पुष्पावती अक्कांच्या टेबलावर काचेची बरणी ठेवली. आत एक मेलेली कोळंबी होती. मलेशियातल्या पेनांगमध्ये लोकांच्या दिवाणखान्यात काचेच्या टाकीत समुद्र उभा करून देणं हा त्याचा धंदा. ले चूने गावभर बोभाटा केल्यापासून त्याला कुणी दारात उभं करत नव्हतं.

"आणि तूच घातलं असशील तर?" अक्कांच्या सोबतीला असणाऱ्या फाझीलने विचारलं. तो पोलिसातून निवृत्त झाला होता, त्याचा संशय अजून नोकरीत होता.

"मग तसं सांगा. पण शोधा, अक्का. मला दुसरं काही येत नाही हो."

अक्का आणि फाझील रोझलीला घेऊन ले चूच्या घरी गेले. तिथे टाकी भिंतभर पसरली होती. तिच्या वडिलांनी, खू अंकलनी, जन्मभर मासेमारी केलेली. मुलं त्यांना 'पा' म्हणत. पक्षाघातानंतर ते चाकांच्या खुर्चीत अडकले. त्यांना समुद्रावर नेता येईना, म्हणून लेकीने समुद्रच घरी आणायचा घाट घातला होता.

"आधी वाळू, खडक आणि खारं पाणी," ले चू सांगू लागली. "ते मुरायला महिने दिले. मग सफाईला गोगलगायी, कोळंब्या. मग मासे, शेवटी पोवळी. सगळं या रोझलीच्याच आराखड्याप्रमाणे. मेलं की पुन्हा आणायचो. दर खेपेला आठवड्याभरात पुन्हा मढी! आणि मासे तेवढे जिवंत."

"माशांना औषध दिलंस का रे?" अक्कांनी रोझलीला विचारलं.

"छे! त्यात तांबं असतं. त्याने माशांची खरूज जाते, पण कोळंबीचा आणि पोवळ्यांचा जीव जातो. या घरात मी ते आणलंच नाही."

"म्हणे आणलंच नाही!" ले चू फणकारली.

तिचा भाऊ बून हॉक सोफ्यावर पसरला होता. "माझ्याकडे काय बघता? पांना वृद्धाश्रमात ठेवा, हे डबकं काढा, असं मी म्हणालो होतो. पण नववर्षाला जेवून गेलो तो आजच येतोय."

"तेव्हा टाकीत नुसतं पाणी होतं," ले चूने नाइलाजाने कबूल केलं.

फाझीलला तरी गुन्हेगार म्हणून हाच माणूस पसंत पडला. अक्का मात्र देव्हाऱ्याकडे बघत होत्या. पूर्वजांच्या तसबिरीखाली लाल दोऱ्यात भोकाची जुनी नाणी ओवलेली होती. दोरा हातभर लांब, नाणी जेमतेम चार.

खू अंकल टाकीखालच्या कपाटाला खुर्ची भिडवून बसले होते. आत पाणी गाळायची छोटी टाकी गुरगुरत होती. तिचं झाकण त्यांच्या गुडघ्याजवळ येत होतं.

"अंकल, यातलं तुमचं लाडकं कोण?" अक्कांनी विचारलं.

"सगळीच," म्हातारा एका गालाने हसला. "घरात आलेलं प्रत्येक जण आपलंच. ही ले चू जन्मली ना, तेव्हा तिच्या पहिल्या आंघोळीच्या पाण्यात शकुन मीच टाकला होता."

अक्कांनी सगळ्यांना टाकीसमोर बसवलं. हा क्षण त्यांना फार आवडायचा.

"वैऱ्याने विष घातलं असतं तर मासेही मेले असते. हे तांब्याचं काम. रोझलीने औषध आणलं असतं, तर ते एकदाच भोवलं असतं. पण मरण दर खेपेला नव्या जिवांमागून येत होतं. म्हणजे नवं कुणी आलं की कुणीतरी काहीतरी करत होतं. बून हॉक तेव्हा घरात नव्हता. देव्हाऱ्यातली नाणी मात्र कमी होत होती. फाझील, खालचं झाकण उघड."

फाझीलने हात घातला. मूठभर नाणी निघाली. खाऱ्या पाण्याने खाल्लेली, हिरवी.

"या घरात नवं माणूस आलं की पाण्यात शकुनाचं तांब्याचं नाणं टाकतात. अंकलनी प्रत्येक पाहुण्याचं तसंच स्वागत केलं. हात पोचला तिथून."

"पा!" ले चूने तोंडावर हात ठेवला.

म्हाताऱ्याने आधी नाण्यांकडे पाहिलं, मग पांढऱ्या पोवळ्यांकडे. "सगळी... मीच मारली?"

रोझली पुढे होऊन त्यांच्या खुर्चीशी बसला. "नाही, अंकल. टाकीत तांबं चालत नाही, हे मीच आधी सांगायला हवं होतं. चूक माझी."

खू अंकलनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मग ले चूला म्हणाले, "माझी खुर्ची पलीकडच्या भिंतीकडे फिरव. टाकी दिसायला नको."

फाटकापाशी ले चू धावत आली. तिने रोझलीची माफी मागितली. उद्यापासून घरोघरी जाऊन खरं सांगेन, म्हणाली. फाझीलला वाटलं, काम फत्ते झालं. तरी त्याला अक्कांकडे बघवेना. एवढा अपराधी चेहरा त्याने कुठल्या चोराचाही पाहिला नव्हता.

"मला एकट्याला बाहेर नेऊन सांगायचं होतंत, अक्का," रोझली हळूच म्हणाला. "अंकलसाठी, विष मीच घातल्याचं कबूल केलं असतं."